रविवारची सुई

सिस्टरांनी मला खोली दाखवण्याआधी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली.

माझी तेव्हा नांदेडच्या पोस्टात बदली झाली होती. नवरा भोकर तालुक्यात कृषी सहायक होता. तो शनिवारी येणार आणि सोमवारी सकाळच्या गाडीनं परत जाणार, एवढ्यापुरत्या आम्हाला दोन खोल्या हव्या होत्या. पोस्टातल्या एकानं सांगितलं की नदीकडच्या अंगाला एका रिटायर नर्सबाईंचं घर आहे, वरचा मजला रिकामा आहे, पण बाई जराशा निराळ्या आहेत. मी गेले तर पांढऱ्या साडीतल्या, उंच, पाठीवर जाडजूड वेणी सोडलेल्या एक बाई दारात उभ्या होत्या. माझं नाव विचारायच्या आत त्यांनी माझी हनुवटी धरली, चेहरा उजेडाकडे फिरवला आणि पापणी खाली ओढली.

"रक्त कमी हाय," त्या म्हणाल्या. "ऱ्हा. पन रोज गूळ-फुटाणे खावे लागतील, माझ्यासमोर."

भाड्याचं, पाण्याचं, लाइटचं बोलणं त्यानंतर झालं. त्या संध्याकाळी मी खरोखरच त्यांच्या ओसरीवर बसून गूळ-फुटाणे खाल्ले.

गल्लीत त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. भाजीवाल्यापासून ते विहारातल्या भन्तेंपर्यंत सगळे सिस्टरच म्हणत. मुखेडकडच्या एका खेड्यातून, मजुरी करणाऱ्या आईबापाच्या घरातून त्या नर्सिंग शिकायला बाहेर पडल्या, आणि पुढचं सगळं आयुष्य त्यांनी सरकारी दवाखान्यात काढलं. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "सुट्टीच न्हाई मिळाली." रिटायर झाल्यावर त्यांनी दवाखाना सोडला, पण वार्ड काही सोडला नव्हता. तळमजल्याला त्या 'जनरल' म्हणत आणि आमच्या मजल्याला 'स्पेशल'. भेटायला येणाऱ्यांनी चार ते सहा यावं असा नियम होता. सहा वाजले की त्या उठून उभ्या राहत आणि हात जोडत. समोरचा माणूस वाक्याच्या मध्यात असला तरी. मी ऑफिसातून परत यावं तर माझ्या पलंगावरची चादर पुन्हा नव्यानं घातलेली असे, कोपरे असे करकचून खोचलेले की त्यात पाय सरकवायचा म्हणजे पाकिटात पत्र घालण्यासारखं. सकाळी बुद्धवंदना झाली की त्या अंगणातल्या कुंड्यांचा राउंड घेत. कढीपत्त्याला विचारत, झोप लागली का. मे महिन्यात मोगऱ्यावर त्यांनी सलाइनची रिकामी बाटली उलटी टांगली होती, तिच्यातून थेंब थेंब पाणी दिवसभर मुळाशी पडत राही, आणि येता-जाता सिस्टर नळीवरच्या चाकाला बोट लावून थेंबांचा वेग कमीजास्त करत.

पण त्यांचं खरं नाव झालं होतं ते गोळ्या गिळायला लावण्यावरून. गल्लीतल्या कुणालाही गोळी चालू झाली की त्यानं ती सिस्टरांच्या ओसरीवर येऊन घ्यायची. पाणी त्या देत. गिळून झालं की म्हणत, "आऽ कर. जीभ वर." समोरच्या रिक्षावाल्याचा टीबीचा कोर्स त्यांनी असाच पुरा करून घेतला होता. तो सांगायचा की शेवटी शेवटी त्याला गोळीपेक्षा सिस्टरांचीच भीती वाटायची, आणि त्या भीतीनंच तो जगला.

अशा बाईला स्वतःला गोळ्या घ्यायची वेळ आली.

पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं ते दुधाच्या पिशवीवरून. सिस्टर पिशवीचा कोपरा दातानं तोडणाऱ्याला रागवत, बोटांनीच झटक्यात फाडत. एका सकाळी त्या पिशवी मांडीवर धरून कात्रीशी झटापट करताना दिसल्या. मग दाराची कडी उघडायला उशीर होऊ लागला. मग राउंडची वेळ पुढे गेली; ऊन पायरीवर येईपर्यंत त्या दोन्ही हात पदरात गुंडाळून बसून राहत. मी विचारलं तर म्हणाल्या, "काही न्हाई. बोटं अजून झोपेत हायत." दुखतंय हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. तो शब्द पेशंटचा, असं त्यांच्या मनात पक्कं असावं.

बोटांची मधली पेरं सुजून बोरासारखी झाली तेव्हा मात्र त्यांनी मला खाली बोलावलं आणि विचारलं, तुझं माहेर लातूरचं ना. लातूरला एक सांधेवाताच्या डॉक्टर आहेत, तिथं सोबत येशील का. नांदेडात काय डॉक्टर नाहीत का, असं मी म्हणाले, तर त्यांनी एसटीची वेळ विचारली. नंतर एसटीत, लोहा मागे पडल्यावर, त्यांनी आपण होऊन सांगितलं. नांदेडातला कुठलाही दवाखाना घेतला तरी तिथं त्यांचं ओळखीचं कुणीतरी होतं. ज्यांना आपण रांगेत नीट बसा म्हणून दरडावलं, त्यांच्यासमोर त्या रांगेत बसणं त्यांना जमणार नव्हतं.

लातूरच्या डॉक्टर वयानं माझ्याएवढ्याच होत्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी सिस्टरांचं एकेक पेर दाबून पाहिलं, तपासण्या केल्या आणि सांगितलं की हा आमवात आहे, शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठलं आहे, आणि त्याला आवरायला मेथोट्रेक्सेटची गोळी लागेल. आठवड्यातून एकदाच. बाकीच्या दिवसांत फॉलिक अ‍ॅसिड, आणि ठरावीक दिवसांनी रक्त आणि लिव्हर तपासायचं. सिस्टरांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर मेडिकलमधून गोळ्या घेतल्या आणि खोक्यातला तो घडी घालघालून बारीक केलेला कागद बाहेर काढून स्टँडच्या बाकावर उलगडला. भिंग त्यांच्या पर्समध्येच असे. अहमदपूर येईपर्यंत त्या तो वाचत होत्या, आणि मधून मधून मला ऐकवत होत्या. मळमळ. तोंड येणं. केस गळणं. लिव्हर. फुप्फुस. रक्तातल्या पेशी. कुणाच्या तरी घरच्या लग्नाची पत्रिका वाचावी तसं त्या वाचत होत्या, आणि त्यांचा आवाज हळूहळू बारीक होत गेला.

मला वाटलं, एवढ्या जुन्या नर्स, या कशाला भितात. कारण त्यांनी पुढच्या रविवारी सांगितलं. पुष्कळ वर्षांपूर्वी किल्लारीकडची एक बाई त्यांच्या वार्डात आली होती. हीच गोळी. आठवड्याची गोळी तिनं रोज खाल्ली होती, कारण तिला कुणी नीट समजावून सांगितलंच नव्हतं. तिचं सगळं तोंड सोललं होतं, पाण्याचा थेंब जात नव्हता. ती वाचली, चालत घरी गेली. पण सिस्टरांना ते तोंड विसरता आलं नाही. म्हणून त्यांनी रविवार हा वार ठरवला, आणि दाराच्या चौकटीला खडूनं भला मोठा 'र' लिहून ठेवला. दर रविवारी सकाळी त्या मला खाली बोलावत, गोळी तळहातावर ठेवून बराच वेळ तिच्याकडे पाहत, मग गिळत आणि माझ्यासमोर आ करत. जीभ वर करून दाखवत. मी हसले की रागवत. साक्षीदार लागतो, म्हणत.

गोळीनं गुण येत होता, हळूहळू. पण सोमवार वाईट जाई. सकाळपासून मळमळून तोंडाला पाणी सुटे, अन्नाचा वास नको होई, त्या लिंबाची फोड चाटत पडून राहत. आणि केस. ती वेणी त्यांचा एकमेव शौक होता. फणीत गुंतलेले केस त्या गोळा करून एका डब्यात ठेवू लागल्या, फेकवेनात म्हणून. मला वाटतं बोटांपेक्षा त्या डब्यानंच त्यांना जास्त खचवलं.

एका सोमवारी मी खाली गेले तर सिस्टर पिठलं-भाकरी खात होत्या. चांगल्या चवीनं. मला तेव्हाच समजलं, पण मी बोलले नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा जेवल्या. मग मी विचारलं. त्यांनी घास संपवला, ताट बाजूला केलं आणि म्हणाल्या, "बंद केली. आजार माझा हाय, लिव्हर माझं हाय. मी दोन्हीचा विचार केला."

ज्या बाईनं साऱ्या गल्लीची जीभ वर करून पाहिली तिला मी काय सांगणार होते? महिना-दीड महिना बरा गेला. मग उजवं मनगट सुजलं, मग गुडघे. त्या भावाकडे मुखेडला गेल्या, आणि परतल्या त्या वेगळ्याच होऊन. पायऱ्या चढून वर आल्या, माझ्या पलंगाची चादर घातली, दुसऱ्या दिवशी गोधड्या धुतल्या. मुखेडच्या आठवडी बाजारात एक जण जडीबुटीच्या पुड्या विकतो, भावजयीनं आणून दिल्या, चार दिवसांत फरक पडला, असं त्या सांगत होत्या. मळमळ नाही, केस गळणं नाही. आमची सगळी गल्ली खूश झाली. खोटं कशाला सांगू, मीही झाले. पुड्या संपल्या की भाऊ एसटीच्या कंडक्टरकडे नव्या देई.

त्यांना भूक सपाटून लागू लागली. ब्लाउज दंडाला घट्ट होऊ लागले. एका दुपारी त्या आरशासमोर वेणी घालत होत्या आणि मी मागे केसांना धरून उभी होते, कारण बारीक पेड त्यांना जमत नसत. त्यांचे हात मध्येच थांबले. त्या आरशाजवळ गेल्या. गाल दाबून पाहिला. मग हनुवटीखाली बोट फिरवलं.

"हा चेहरा माझा न्हाई," त्या म्हणाल्या. "हा मी लई पाह्यलाय. वार्डात."

मला कळेना. त्यांनी समजावलं. गोल, चंद्रासारखा, गाल वर आलेले, असा चेहरा स्टेरॉइड फार दिवस पोटात गेलं की होतो. जडीबुटीत कुणीतरी तेच कुटून घातलं होतं. लातूरच्या डॉक्टरांनीही सुरुवातीला अगदी थोडं स्टेरॉइड दिलं होतं, पण मोजून, आणि लवकरच कमी करत आणून थांबवलं होतं. इथं किती जात होतं त्याला मापच नव्हतं. त्यांनी लगेच साखर तपासून आणली. ती वाढली होती. मी म्हणाले, फेकून द्या त्या पुड्या. त्यांनी मान हलवली. इतक्या दिवसांचं एकदम बंद केलं तर मी आडवी पडीन, म्हणाल्या. त्या दिवशीची पुडी त्यांनी माझ्यासमोर घेतली. कडू तोंड करून, माहीत असून घेतली. ते पाहताना मला जेवढं वाईट वाटलं तेवढं त्यांच्या सुजलेल्या बोटांनीही कधी वाटलं नव्हतं.

लातूरला जायच्या आधी त्यांना मुखेडला जायचं होतं. बाजाराचा दिवस धरून मी रजा टाकली. पुडीवाला एका लिंबाखाली सतरंजी टाकून बसला होता, मुळ्या, साली, काचेच्या बरण्या मांडून, बाजूला गिऱ्हाइकांसाठी एक बाकडं. सिस्टर भांडतील असं मला वाटलं होतं. त्या बाकड्यावर जाऊन बसल्या. त्यांनी भावजयीचं नाव सांगितल्यावर तो ओळखीचं हसला, कसं वाटतंय विचारलं, चहा सांगू का म्हणाला.

"बरं वाटतंय," सिस्टर म्हणाल्या. "खोटं बोलनार न्हाई. लई बरं वाटतंय. आता आत काय घातलंय तेवढं सांगा, म्हंजे मी बाकीच्यांना सांगते."

तो हिमालयातल्या मुळ्यांची नावं सांगू लागला. सिस्टरांनी ऐकून घेतलं आणि शेजारी बसलेल्या म्हातारीकडे वळल्या. तिचं पाऊल हातात घेतलं, नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. अंगात पाणी साचलंय म्हणत त्यांनी तो तिला दाखवला. कवापासून घ्यायलाव, भूक लई लागती का, रात्री लघवीला उठावं लागतं का, असं त्या एकेकाला विचारत गेल्या. आवाज चढवला नाही. गर्दी जमली तेव्हा त्यांनी आपला स्वतःचा चेहरा दाखवला आणि पर्समधला जुना ओळखपत्रावरचा फोटो गालाशी धरला. एवढंच सांगितलं की पुडी एकदम सोडू नका, पण उद्याच्या उद्या पुडी घेऊन सरकारी दवाखान्यात जा, डॉक्टरला दाखवा, ते कमी करत आणतील. पुडीवाल्यानं तोवर बरण्या पोत्यात भरायला घेतल्या होत्या. आम्ही तालुक्याच्या दवाखान्यातही सांगून आलो. पुढं कळलं की तो दुसऱ्या कुठल्या तरी बाजाराला बसतो. पण त्या म्हातारीसकट दोन-तीन बायका दवाखान्यात पोचल्या, हे भावजयीनं फोनवर सांगितलं, आणि सिस्टरांनी ते मला पुन्हा पुन्हा ऐकवलं.

लातूरला डॉक्टरांपुढे त्या खुर्चीच्या काठावर बसल्या. गोळी कधी बंद केली, पुडी कधी सुरू केली, सगळं सांगितलं. रागावून घ्यायची तयारी करून आल्या होत्या, हे त्यांच्या खांद्यांवरून दिसत होतं. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी हातांचा नवा एक्स-रे काढायला लावला आणि जुन्याशेजारी तो उजेडावर धरला. दोन पेरांच्या हाडांना कडेनं उंदरानं कुरतडल्यासारखं झालं होतं. पुडी घेऊन सिस्टर गोधड्या धुत होत्या तेव्हाही आत ते चालूच होतं.

सिस्टरांनी एक्स-रेवर त्या पेरांपाशी बोट नेलं. मग म्हणाल्या, "म्हंजे दोन्हीकडून नुकसानच की हो. औषध घेतलं तरी, न्हाई घेतलं तरी."

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "पण औषधाचं नुकसान मला रक्तात आधी दिसतं. दिसलं की मी डोस कमी करीन, थांबवीन, दुसरं देईन. हाड एकदा झिजलं की मला ते परत आणता येत नाही."

मला वाटतं इतक्या महिन्यांत सिस्टरांशी त्यांच्या भीतीबद्दल कुणी सरळ बोललंच नव्हतं. मी साक्षीदार होते, गल्ली कौतुक करणारी होती. डॉक्टरांनी पुढं विचारलं की सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो. सिस्टरांनी खाली बघत सांगितलं, सोमवारचा, आणि केसांचा. सोमवारसाठी डॉक्टरांनी तोड काढली. हेच औषध सुईतून कातडीखाली घेतलं तर पुष्कळांची मळमळ कमी होते. केसांचं मात्र त्यांनी मोघम आश्वासन दिलं नाही. काही जणांचं थांबतं, काहींचं थोडं चालू राहतं, म्हणाल्या. स्टेरॉइड कसं पायरी-पायरीनं खाली आणायचं ते नीट समजावून दिलं.

परतीच्या एसटीत सिस्टर खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. नांदेडला उतरल्यावर घरी न जाता त्यांनी मला एका लेडीज पार्लरमध्ये नेलं, आयुष्यात पहिल्यांदाच, आणि वेणी मानेपाशी कापून टाकली. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका हळहळल्या. सिस्टर मानेवरून हात फिरवत म्हणाल्या की वारा लागायलाय, बरं वाटायलंय.

आता सुई द्यायची कुणी? ज्या बाईच्या हातून हजारोंना सुया गेल्या, तिच्या अंगठ्याला सिरिंजचा दट्ट्या दाबायचं बळ नव्हतं. कोपऱ्यावरच्या कंपाउंडरचं नाव मी काढलं तर त्या उसळल्या. तो त्यांच्याच हाताखाली शिकलेला, त्याच्यापुढे दंड धरणार नाही म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुई पाहिली की डोळे मिटून घेणारी. पण मला नाही म्हणता आलं नाही. त्यांनी मला मोसंबीवर शिकवलं. सिरिंजमध्ये पाणी भरायचं, बुडबुडा वर आणायचा, टिचकी मारून काढायचा, सुई अशी धरायची, अशी. कितीतरी मोसंबी पाण्यानं टम्म फुगून आमच्या खिडकीत पडून असत. मी घाबरत खुपसली की त्या म्हणत, "बैलाला टोचायलीस का?"

हातमोजे घालायला मात्र त्यांनी पहिल्या दिवसापासून लावलं, आणि त्याआधी एक प्रश्न. पाळीची तारीख. हे औषध पोटातल्या लेकराला फार वाईट, म्हणाल्या, म्हणून विचारणारच. माझ्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. तपासण्या झाल्या होत्या, हैदराबादला जाऊन आलो होतो, आणि मग आम्ही दोघांनी तो विषय बोलायचा थांबवला होता. मी त्यांना म्हणाले, आमच्याकडे तसलं काही होणार नाही, तुम्ही विचारू नका. त्या म्हणाल्या, मी विचारनार. पहिले काही रविवार मला तो प्रश्न सुईपेक्षा जास्त टोचला. मग सवय झाली. त्या विचारत, मी तारीख सांगत असे, हातमोजे घालत असे, पोटाची कातडी चिमटीत धरून सुई देत असे. सुधारत गेले. एकदा सुई काढल्यावर त्या विचारू लागल्या की कवा देनार, आणि मी म्हणाले दिली की. त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मला पोस्टातल्या कुठल्याही बढतीहून मोठं वाटलं.

साताठ महिन्यांत सिस्टर स्थिरावल्या. चेहरा त्यांचा त्यांना परत मिळाला, साखर उतरली. लिव्हरचा एक रिपोर्ट मध्ये जरा वर गेला, डॉक्टरांनी डोस कमी केला, तो खाली आला. सिस्टर त्या दिवसांत कागदातलं एकेक कलम आठवून आठवून घाबरल्या, आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ते आधीच दिसलं आणि आवरलं म्हणून नंतर निवांत झाल्या. पेरं वाकडी राहिली ती राहिलीच. पण सूज गेली. सोमवारी अजून थोडं मळमळतं का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मळमळतं की. सोमवार औषधाला देऊन टाकला. बाकीचा आठवडा माझा हाय."

मग तो रविवार आला. नवरा बाजारात गेला होता. मी खाली गेले, सगळं मांडून ठेवलेलं होतं. सिस्टरांनी नेहमीप्रमाणे तारीख विचारली. मी नेहमीप्रमाणे तोंड उघडलं आणि गप्प झाले. ऑफिसच्या ऑडिटच्या गडबडीत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी बोटांवर मोजू लागले. चुकतंय असं वाटून पुन्हा मोजलं.

"ठेव ते खाली," सिस्टर म्हणाल्या.

मी अजून कशाला हात लावला नव्हता. तरी त्यांनी मला मोरीवर नेऊन कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि दाराच्या बाहेर पाटावर बसवलं. तिथून हालायचं न्हाई, म्हणाल्या. मी म्हणाले, अहो उशीर झाला असेल नुसता, कामाचा ताण आहे, आधीही असं झालंय. त्या आपले हात धुऊन आत गेल्या. मी म्हणाले, मग तुमची सुई कोण देणार.

त्यांनी खुर्ची ओढली, मांडीवरून साडी सरकवली, बाटली डाव्या हाताच्या वाकड्या बोटांत अडकवली आणि उजव्या हातानं औषध ओढून घेतलं. पहिल्यांदा दट्ट्या निसटला. त्यांनी बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. टिचकी मारून बुडबुडा काढला. माझ्या मनात आलं, हाक मारून कंपाउंडरला बोलवावं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मी बसूनच राहिले. त्यांनी मांडीची कातडी चिमटीत धरली आणि सुई घातली. अंगठा दट्ट्यावर टेकला आणि सावकाश खाली गेला, शेवटपर्यंत. सुई काढून, कापूस लावून त्या तशाच बसल्या, आणि मग त्यांनी आपला उजवा हात समोर धरून, उलटा-पालटा करून पाहिला. बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. माझेही. कुणाचे कशामुळे ते आम्ही एकमेकींना विचारलं नाही. त्यांनी फक्त माझ्या डोळ्याची पापणी ओढून पाहिली आणि मेडिकलमधून तपासणीची पट्टी आणायला स्वतः चपला घालून निघाल्या.

त्यानंतर सुई त्या आपली आपणच घेतात.

बाळंतपणाला मी लातूरला माहेरी आले. मुलगी झाली. सिस्टर त्यांच्या तपासणीच्या दिवशी डॉक्टरांकडून थेट आमच्या घरी आल्या, पिशवीत मऊ जुन्या सुती साडीची दुपटी घेऊन. आईनं त्यांचं कौतुक पुष्कळ ऐकलेलं होतं, पण समोर पाहिली ती वाकडी बोटं. सिस्टर म्हणाल्या, लेकराला आज मी न्हाऊ घालते. आई हो म्हणाली, पण न्हाणीत तीही मागोमाग गेली, गरम पाण्याचा तांब्या आपल्याच हातात धरून, कधीही मूल झेलायला लागेल अशी उभी राहिली. खाली बसणं सिस्टरांच्या गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून त्यांनी बुटकं स्टूल मागून घेतलं, दुसऱ्या स्टुलावर पाय लांब केले आणि मुलीला त्या पायांवर पालथं घेतलं. तेल घेतलं. मान एका तळव्यात, दुसऱ्या हाताची बोटं पाठीच्या कण्यावरून खाली, न वाकणारी बोटं तशीच आडवी धरून, सावकाश. मुलगी आधी रडली, मग हुंकारू लागली.

आई बघत होती. सिस्टरांनी मान वर न करता म्हटलं, "ताई, तुमच्या मनात काय हाय ते कळायलंय मला. हात वाकडे हायत. ढिले न्हाईत."

आईनं गरम पाण्याचा तांब्या पुढं केला, तो सिस्टरांच्या हातात दिला, आणि टॉवेल आणायला म्हणून न्हाणीतून बाहेर गेली.